‘चांगली वर्तणूक’ बाहेर का पुरत नाही? सुटलेल्या कैद्यांच्या जीवनकौशल्य प्रशिक्षणाविषयी

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास पेपरात एक छोटी बातमी हमखास असते: चांगल्या वर्तणुकीमुळे अमुक कैद्यांची मुदतीआधी सुटका. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात तर केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ अशा तीन टप्प्यांत विशेष माफी जाहीर केली होती. अशा बातमीच्या शेवटी कधी कधी एक वाक्य येतं की या बंद्यांना आत जीवनकौशल्यांचं प्रशिक्षणही दिलं गेलं आहे. आपण ते वाचतो आणि पान उलटतो.

‘कौशल्य’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं शिवणयंत्र, सुतारकाम, दिवाळीत विक्रीला येणाऱ्या कारागृहातल्या पणत्या. ‘जीवन’ म्हटलं की प्रवचन, योगासनं, सुविचार. दोन्ही गोष्टी आत होतात आणि त्यांचा उपयोगही असतो. जीवनकौशल्य प्रशिक्षण मात्र यांतलं काहीच नाही. ते नेमकं काय आहे हे कळायचं, तर तुरुंग माणसाकडून काय काढून घेतो ते आधी पाहावं लागेल.

आधी व्याख्या, एकदाच

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नवा मार्ग सुचणं, ऐकलेलं पारखून घेणं, नीट बोलणं, नाती सांभाळणं, स्वतःला ओळखणं, दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, भावना आवरणं आणि ताण झेलणं. यादी ऐकायला शाळेच्या फलकावरची वाटते, म्हणूनच ती कोणी गांभीर्याने घेत नाही.

तीच यादी सुटलेल्या माणसाच्या दिवसात नेऊन ठेवली की तिला धार येते. मुकादमाने चारचौघांत शिवी दिली, तर हात उचलायचा की नाही? सात तारखेला मिळालेला पगार तीस तारखेपर्यंत कसा पुरवायचा? जुना साथीदार नाक्यावर मोटारसायकल थांबवून ‘बस मागे, एकच काम आहे’ म्हणाला तर त्याला काय सांगायचं? बँकेतल्या बाईंनी ‘इतकी वर्षं खातं का बंद होतं?’ असं विचारलं तर? आणि दहा वर्षांनी भेटलेल्या मुलीशी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं? वेल्डिंग उत्तम येणारा माणूसही यांपैकी एकाच प्रश्नावर अडखळून पुन्हा आत जाऊ शकतो. वेल्डिंगला व्यवसायकौशल्य म्हणतात. ते टिकवून धरायला जे लागतं, त्याला जीवनकौशल्य.

आतला दिवस

सकाळी बॅरेक उघडते, मोजणी होते. चहा, नाश्ता, काम, जेवण, सगळ्याच्या वेळा ठरलेल्या. संध्याकाळचं जेवण उजेडातच उरकतं, पुन्हा मोजणी होते आणि कुलूप लागतं. काय खायचं, कधी झोपायचं, कुणाशेजारी झोपायचं, दिवा कधी मालवायचा, यातलं एकही तो ठरवत नाही. वर्षानुवर्षं त्याने स्वतःच्या हाताने दाराची कडी काढलेली नसते.

पायाला तीन महिने प्लास्टर राहिलं तर हाड जुळतं, पण स्नायू वाळतो. प्लास्टर कापल्याबरोबर त्या माणसाला कोणी जिना चढायला लावत नाही. आधी व्यायाम देतात, कुबडी देतात, पडशील म्हणून बजावतात. निर्णय घेण्याची क्षमताही अशीच वापराविना वाळते. आपण मात्र दहा-बारा वर्षांचं प्लास्टर एका सकाळी कापतो आणि माणसाला थेट रस्त्यावर सोडतो. वर, तो धडपडला की आपणच म्हणतो, ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.’

इथे एक विचित्र पेच आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे. आत ‘चांगली वर्तणूक’ म्हणजे सांगितलं ते करणं, उलट न बोलणं, रांग न मोडणं. त्यावर माफीचे, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस मिळतात, काही दिवस घरी जाऊन येण्यासाठीच्या संचित रजेचा म्हणजे फर्लोचा विचार होतो. शिस्तीसाठी ते ठीकच आहे. पण बाहेर पोट भरायला लागतात नेमक्या उलट गोष्टी: स्वतःहून विचारणं, नाही म्हणणं, भाव करणं, चुकीचं सांगितलं तर तसं बोलून दाखवणं. आतला सर्वांत शहाणा कैदी बाहेरच्या जगासाठी सर्वांत कमी तयार असू शकतो. आज्ञाधारकपणाला सुधारणा समजण्याची सवय यंत्रणेला आहे, आणि आपल्यालाही.

२००९ मध्ये आत गेलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. खुनासारख्या, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर किमान १४ वर्षं प्रत्यक्ष भोगावी लागतात, तोवर सरकारला शिक्षेत सूट देऊन त्याला सोडता येत नाही. म्हणजे तो लवकरात लवकर २०२३ मध्ये बाहेर आला. देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं ते सप्टेंबर २०१० मध्ये, तेव्हा तो आत होता. २०१६ ची नोटाबंदी त्याने ऐकून माहीत करून घेतली. यूपीआय आलं, चहाच्या टपरीवर पैसे देताना ‘टिंग’ वाजायला लागलं. रेशन दुकानात अंगठा आला. तो पाचशेची जुनी नोट जपून ठेवणाऱ्यांतला असेल, तर ती नोट आता निव्वळ कागद आहे.

सुटल्यानंतरचे पहिले दिवस

सुटकेची वेळ बहुतेकांना सिनेमातल्यासारखी वाटते: दार उघडतं आणि समोर घरचे उभे. प्रत्यक्षात कित्येकांसाठी समोर फक्त रस्ता असतो. आई गेलेली असते. भाऊ वेगळा राहायला गेलेला असतो. रेशन कार्डावरून नाव कमी झालेलं असतं. भाड्याने खोली मागावी तर अनामत रक्कम आणि ओळखपत्र दोन्ही हवं. ओळखपत्राला पत्त्याचा पुरावा लागतो आणि पत्ता मिळण्यासाठी खोली. हा फेरा ज्याने कधी सरकारी खिडकीपुढे घातला आहे त्याला वेगळं सांगायला नको, आणि त्याच्याकडे निदान ‘मी इतके दिवस कुठे होतो’ याचं उत्तर तरी असतं.

खेड्यात अडचण आणखी निराळी. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, तो शेजारच्याच वस्तीवर राहतो. बांध तोच, पाणवठा तोच, पोळ्याची मिरवणूक तीच. परत जाणं म्हणजे जुना वाद पुन्हा पेटण्याची भीती. म्हणून बरेच जण शहरात येतात, जिथे ओळखीचं कोणी नसतं. तिथे हाक मारणारे निघतात ते तुरुंगातले सोबतीच.

बायकांचं तर विचारूच नका. नवरा आत असेल तर बायको डबा घेऊन कारागृहात भेटीला येते, तारखेला कोर्टात बसते. बायको आत गेली की पहिल्या काही महिन्यांनी सासर येणं बंद करतं, पुष्कळदा माहेरही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत कारागृहात राहू शकतं. त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं. सुटून आल्यावर तिला घर शोधायचं असतं, काम शोधायचं असतं, आणि तिला ओळखत नसलेल्या मुलापुढे आई म्हणून उभंही राहायचं असतं. महाराष्ट्रातल्या कारागृहांत मुलांना कैदी आईवडिलांना जवळून भेटू देणारा ‘गळाभेट’ हा उपक्रम झाला. काचेच्या किंवा जाळीच्या पलीकडून बोलण्याऐवजी मुलाला मांडीवर घेता येणं, हे माझ्या लेखी शिवणयंत्राइतकंच महत्त्वाचं प्रशिक्षण आहे.

हे पहिले दिवस किती धोक्याचे असतात, याचं एक मोजमाप अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झालं. तिथल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतर रहिवाशांच्या जवळपास १३ पट निघालं. सर्वांत मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिरेक. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन माणूस जुनंच प्रमाण घेतो आणि ते झेपत नाही. तिथलं व्यसनाचं चित्र आपल्यापेक्षा वेगळं आहे, हे खरं. पण सुटकेच्या दिवसाला आपण शेवट समजतो आणि खरा कठीण भाग त्याच दिवशी सुरू होतो, हे दोन्हीकडे सारखंच.

वर्गात नेमकं काय घडतं?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात गुन्हेगारीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी एक कार्यक्रम चालतो. त्यातला पहिल्या दिवशीचा खेळ असा. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत याच्या मुठीतून चेंडू काढ. झटापट सुरू होते, बोटं पिरगळली जातात, कोणी खाली पाडतो. वेळ संपल्यावर शिक्षक विचारतो, ‘तुमच्यापैकी कोणी नुसता मागून का नाही पाहिला?’ मुलं म्हणतात, त्याने दिलाच नसता. मग समोरच्याला विचारतात. तो खांदे उडवतो: मागितला असता तर दिला असता, चेंडूच तर आहे.

यात ‘चांगलं वागा’ असा उपदेश कुठेच नाही. मुलाला फक्त एवढंच दाखवून दिलं की तुझ्या डोक्यात एक गृहीतक आपोआप उभं राहिलं, तू ते तपासलं नाहीस आणि थेट हात उचललास. भडका उडणं आणि हात उचलणं यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. ती ओळखायला आणि रुंद करायला शिकवण्याच्या पद्धतीला मानसशास्त्रात बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. नाव जड आहे, ते इथेच सोडून देऊ. काम सोपं: प्रसंग, मनात आलेला विचार, केलेली कृती आणि परिणाम अशी साखळी माणसाकडून त्याच्याच आयुष्यातल्या घटनांवर मांडून घ्यायची आणि कोणती कडी बदलता आली असती ते त्यालाच शोधायला लावायचं.

उरलेला बराचसा वर्ग म्हणजे तालीम. एक जण मालक होतो, एक जण कामाला आलेला. ‘आधी कुठे होतास?’ या प्रश्नाला खोटं न बोलता, पण सगळी फाइल न उघडताही कसं उत्तर द्यायचं, हे पाच-सहा वेळा करून पाहिल्याशिवाय जमत नाही. एक जण नाक्यावरचा मित्र होतो. महिन्याच्या खर्चाचा कागद होतो, त्यात दारूचा आकडाही लिहायचा असतो. मोबाइलवर पैसे पाठवणं, ओटीपी कुणाला न सांगणं, अर्ज भरणं, दवाखान्यात केसपेपर काढणं. शिकवणारा स्वतः कधी आत राहून आलेला असेल तर वर्गाचा नूर बदलतो. साहेबांनी सांगितलेलं ‘हो सर’ म्हणून विसरलं जातं, आत राहून आलेल्या शिक्षकाला मात्र कोणी फसवू शकत नाही.

आणि हे सुटकेच्या आदल्या आठवड्यात उरकायचं काम नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ मध्ये मंजूर केलेले कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम, ज्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे, ते म्हणतात की सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून व्हावा, आणि सुटका झाली म्हणून समाजाची जबाबदारी संपत नाही.

याने खरंच फरक पडतो का?

१९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तोवरच्या सुधारणा कार्यक्रमांचा आढावा घेतला. त्यातून ‘काहीच चालत नाही’ असा निष्कर्ष जगभर पसरला आणि राजकारण्यांनी तो उचलून धरला. पाच वर्षांनी मार्टिन्सनने स्वतःच आपलं मत सौम्य केलं. ते कोणी फारसं ऐकलं नाही.

त्यानंतरच्या संशोधनातून चित्र अधिक बारीक झालं. काही गोष्टी खरोखरच चालत नाहीत. मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा प्रकार एकेकाळी अमेरिकेत फार गाजला. मोजून पाहिलं तर ती मुलं पुढे जास्तच गुन्ह्यांत अडकलेली आढळली. उलट, शिकागोच्या बालबंदी केंद्रात वर सांगितलेल्या पद्धतीचे वर्ग झाले तेव्हा मुलं परत येण्याचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी घटलं. तुरुंगातल्या शिक्षणावरच्या अमेरिकी अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१३ मध्ये आला. त्यात शिक्षण घेणाऱ्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता बरीच कमी दिसली. अर्थात शिकायला बसणारा मुळातच बदलू पाहणारा असतो, त्यामुळे ते सगळं श्रेय वर्गाला देता येणार नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो लायबेरियातला प्रयोग. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या त्या देशाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, चोऱ्या, लूटमार, अमली पदार्थ यांत गुंतलेले ९९९ तरुण पुरुष निवडले. चिठ्ठी टाकून त्यांचे चार गट केले. एकाला आठ आठवड्यांचं प्रशिक्षण, एकाला २०० डॉलर रोख, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. प्रशिक्षणात केस कापणं, नीट कपडे घालणं, बँकेत आणि मोठ्या दुकानात जाऊन बोलून येणं, असे ‘गृहपाठ’ होते. नुसते पैसे मिळालेल्यांत टिकाऊ बदल दिसला नाही. नुसतं प्रशिक्षण मिळालेल्यांत दिसला, पण वर्षभरात ओसरत गेला. दोन्ही मिळालेल्यांत तो टिकला. दहा वर्षांनी पुन्हा शोधून विचारलं, तरी त्यांच्यातले गुन्हे आणि हिंसा जवळपास निम्म्याने कमी होते. गंमत म्हणजे त्या पैशांतून काढलेले बारीकसारीक धंदे फारसे टिकले नव्हते. संशोधकांचा अंदाज असा की पैशाने त्यांना नवं वागणं सरावाचं करायला थोडी उसंत दिली.

म्हणजे वर्ग एकटा पुरत नाही आणि अनुदानही एकटं पुरत नाही. आपल्या योजना बहुतेक वेळा यांतलं एकच काहीतरी देतात.

आपल्याकडे काय आहे?

वाटतं त्यापेक्षा जुनं आणि बरंच काही आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिथे कैद्यांना भिंतींशिवाय, कुटुंबासह शेती करत राहू देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९५७ साली गाजलेल्या एका हिंदी चित्रपटाला त्यावरूनच कल्पना मिळाली. खुल्या कारागृहात माणूस शिक्षाच भोगतो, पण सकाळी उठून काम, घर, हिशेब यांचे निर्णय काही प्रमाणात स्वतः घेतो. स्नायू वाळू न देण्याची ही सर्वांत चांगली पद्धत. पैठण, येरवडा इथेही खुली कारागृहं आहेत. मात्र तिथे पोहोचतात ते शिक्षेचा बराच काळ उत्तम वर्तणुकीने काढलेले मोजकेच.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. त्याचे सामाजिक कार्यकर्ते कारागृहात आणि बाहेर, दोन्हीकडे काम करतात: वकिलाशी गाठ घालून देणं, घरच्यांशी बोलणं, सुटल्यावर निवारा आणि कामाची सवय. येरवड्यात २०२२ मध्ये ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना आली. शिक्षा भोगणाऱ्याला महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडून ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं आणि फेड त्याच्या आतल्या मजुरीतून होते. मुलीची फी किंवा आईचा दवाखाना त्याच्या पैशांतून झाला, तर सुटल्यावर घराचं दार उघडण्याची शक्यता वाढते. ही मजुरी दिवसाला शंभर रुपयांच्याही आत असते, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

कायदाही अपुरा नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो की योग्य प्रकरणात गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येतं, आणि एकवीस वर्षांखालच्यांबाबत न्यायालयाने आधी तोच विचार करावा. सुटल्यानंतरच्या आधाराला सरकारी भाषेत ‘अनुरक्षण’ म्हणतात. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्याच्या नावातच ‘सुधार सेवा’ हे शब्द आहेत.

मग घोडं अडतं कुठे? मुख्यतः एका आकड्यावर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ५,७३,२२० कैदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ४,३४,३०२ जण, म्हणजे शंभरातले जवळपास ७६, कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही. प्रशिक्षण, काम, कर्ज यांची जवळपास सगळी रचना शिक्षा झालेल्यांसाठी आहे. कच्च्या कैद्याला उद्या जामीन होईल, परवा होईल, म्हणून कोणी वर्गात धरत नाही. तो दोन-तीन वर्षं तसाच बसून राहतो, एका दुपारी अचानक सुटतो, आणि त्याला कोणी काहीच सांगितलेलं नसतं. तुरुंगाचा डाग तोच, सुटकेची तयारी शून्य.

दुसरी अडचण आतल्या कामाच्या वाटपाची. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. ज्याच्या हातात दहा वर्षं झाडूच दिला, त्याला ‘कौशल्य’ शिकवलं असं कसं म्हणायचं?

‘प्रामाणिक पोरं बेकार फिरतायत, यांना कसलं प्रशिक्षण?’

हा राग समजण्यासारखा आहे. पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराने हे विचारलं तर त्याला उडवून लावता येत नाही. पण जन्मठेपवालेसुद्धा पुष्कळदा सुटतातच, आणि इतर जवळजवळ सगळेच सुटतात. ते येऊन राहणार आपल्याच गल्लीत. प्रश्न एवढाच आहे की ते कोणत्या अवस्थेत यावेत. पुन्हा गुन्हा झाला तर तपास, खटला, तुरुंग यांचा खर्च आपल्याच करातून जातो आणि त्या गुन्ह्याचा एक नवा बळीही असतो. त्या पोराला नोकरी मिळायलाच हवी, पण ती या वर्गामुळे अडलेली नाही.

‘आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पीडिताला भरपाई वेळेवर मिळत नाही, खटल्याची तारीख त्याला कोणी कळवत नाही, आणि गुन्हेगाराच्या पुनर्वसनाचा सोहळा मात्र पेपरात येतो. त्याला चीड येणारच. त्यावर उपाय म्हणून पीडितांच्या मदतीची व्यवस्था वेगळी आणि भक्कम हवी. ती कैद्यांच्या वर्गाचे पैसे कापून उभी राहणार नाही. शिवाय चांगल्या प्रशिक्षणात ‘मी कुणाचं काय केलं’ हा भाग टाळता येत नाही. ‘परिस्थितीमुळे झालं’ या वाक्यामागे लपू न देणं हे शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम असतं.

‘आत नाटक करतील, बाहेर येऊन तेच!’

काही जण करतील. म्हणूनच वर्गातल्या हजेरीला माफीच्या दिवसांशी फार घट्ट बांधू नये. तसं केलं की पुन्हा तीच ‘चांगली वर्तणूक’ तयार होते, कागदावरची. खरी परीक्षा बाहेर होते, आणि तिथे पहिले सहा महिने कोणीतरी फोन उचलणारं असावं लागतं.

दार बाहेरून बंद असेल तर

इतकं करून माणूस तयार झाला, तरी पुढे काय? खासगी सुरक्षारक्षकाची नोकरी शिक्षा झालेल्याला २००५ च्या कायद्यानेच बंद आहे. बऱ्याच ठिकाणी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. गणपती आले, निवडणूक आली की ठाण्यातून बोलावणं येतं, प्रतिबंधक कारवाईत जातमुचलका लिहून द्यावा लागतो, नाहीतर तडीपारीची नोटीस हातात पडते. कामाच्या ठिकाणी दोनदा पोलीस येऊन गेले की मालक स्वतःहून म्हणतो, उद्यापासून नको.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर या संशोधिकेने हेच मोजलं. सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, उल्लेख असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीयांमध्ये हेच आकडे १४ आणि ५ होते. म्हणजे डाग नसलेल्या काळ्या तरुणापेक्षा डाग असलेल्या गोऱ्याला संधी जास्त. पारधी वस्तीतल्या माणसाला हे आकडे पाहून नवल वाटणार नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप अजूनही कोणत्या वस्तीकडे वळते ते सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाला ‘आत्मविश्वासाने बोला’ शिकवून फार काही हाती लागत नाही. ठाणेदारालाही काही शिकवावं लागेल.

छोट्या कारखानदाराने किंवा हॉटेलवाल्याने लगेच गल्ल्यावर बसवावं असं कोणी म्हणत नाही. बेताच्या जबाबदारीपासून सुरुवात, पहिल्या महिन्यात आठवड्याला पगार, आणि संस्थेचा एक कार्यकर्ता ज्याला अडचणीत फोन करता येईल, एवढ्यावर पुष्कळांचं गाडं रुळावर येतं. भूतकाळ मालकाला माहीत असावा, सगळ्या कामगारांना सांगत फिरायची गरज नाही.

घरातलं कोणी आत असेल तर

कामाची माहिती थोडक्यात. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारात असतं, राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१००. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर हा लाभ नाही. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नसेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्यातून मदत मिळू शकते. त्याबद्दलही विधी सेवा प्राधिकरणातच विचारा.

सुटकेची तारीख जवळ असेल तर आधार, बँकेचं खातं आणि रेशन कार्डावरचं नाव यांची चौकशी तो आत असतानाच सुरू करा, नंतर नव्हे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात. सुटलेल्यांसाठीच्या मदतीचा अर्ज त्यांच्याकडे होतो. आणि घरी आल्यावर पहिले काही आठवडे भाजी कोणती आणायची हे त्याला ठरवू द्या. सुरुवातीला तो ‘तुम्हीच सांगा’ म्हणेल, तरीही.